पुढची डावी सीट

उमरोळी मागे पडली तेव्हा आनंदीने पदर सारखा केला आणि आरशात कानातल्या कुड्या पाहून घेतल्या. पालघरला पुतण्याचा साखरपुडा होता. सगळं गणगोत हॉलच्या दारात उभं असणार आणि त्यांच्या डोळ्यांदेखत ती या उंच गाडीतून उतरणार, तेही पुढच्या सीटवरून. मागच्या दारातून उतरणारी बाई वेगळी आणि पुढच्या दारातून उतरणारी वेगळी. हे तिला कोणी शाळेत शिकवलं नव्हतं. शाळेत ती चौथीपुढे गेलीच नव्हती, आणि गेली असती तरी असल्या कामाच्या गोष्टी तिथे शिकवत नाहीत.

गाडी तिचा मुलगा शैलेश चालवत होता. मागे सून समिधा आहेराची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

इंजिन एकदा खोकलं. मग सगळ्या गाडीने अंग झटकलं आणि आवाजच गेला. शैलेशने गाडी कशीबशी कडेला घेतली. चावी फिरवली की स्टार्टर गुरगुरायचा, इंजिन मात्र पेटायचं नाही. शेजारून पाहुण्यांच्या गाड्या जाऊ लागल्या. एकीची काच खाली झाली आणि आनंदीची धाकटी जाऊ पुष्पलता डोकावली.

"काय झालं, वयनी? या आमच्यात. मागं जागा हाय."

गाडी जरा तापली आहे, आम्ही निघतोच, असं आनंदीने सांगितलं. पुष्पलता हसून गेली. ते हसणं आनंदीने पदराच्या गाठीला बांधून ठेवलं.

ती खाली उतरून झाडाच्या सावलीत उभी राहिली, आणि गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली. ती पुन्हा चढली, दार ओढलं, समोरच्या हॉटेलापर्यंत गेले नसतील तो पुन्हा बंद. शेवटी पुढे ऊन फार लागतंय असं स्वतःच म्हणून ती समिधाच्या शेजारी जाऊन बसली. त्यानंतर गाडी पालघरपर्यंत अशी धावली की जणू नवी आहे. हॉलच्या दारात आनंदी मधल्या दारातून उतरली. पुष्पलता तिथे उभीच होती.

गाडी शांतारामची, म्हणजे आनंदीच्या नवऱ्याची. काळपट हिरवी, सात जणांची, डिझेलवरची. शहरात अशा गाडीला एसयूव्ही म्हणतात, गावात, घिवलीत, सगळे 'शांतारामशेठची गाडी' म्हणत. चिकूच्या वाडीच्या उत्पन्नावर घेतलेली. तो ती रोज सकाळी स्वतः पुसायचा, दुसऱ्या कोणाला फडकं लावू द्यायचा नाही. बॉनेटवरून त्याचा हात जितका फिरला तितका बायकोच्या पाठीवरून फिरला नसेल, असं आनंदी चारचौघींत हसत सांगायची. हसू ओठांपुरतंच असायचं. बाजारात, मुरब्याला मासळीला, पालघरला बँकेत, तो सगळीकडे एकटाच जायचा. तू आलीस तर वाडी कोण बघणार, हे त्याचं ठरलेलं उत्तर. सगळं घर घेऊन निघाला की आनंदीला मधल्या सीटवर बसवायचा. पुढे तुला ऊन लागेल म्हणायचा. इतकी वर्षं तिला ती माया वाटत होती.

गेल्या थंडीच्या सुरुवातीला तो गेला, तोही गाडीतच. किनाऱ्यावर सुरूच्या बनात गाडी उभी होती, हात स्टिअरिंगवर, डोळे समुद्राकडे. डॉक्टर म्हणाले, हृदय. डावीकडचं पुढचं दार सताड उघडं होतं. जीव घाबरला असेल, हवेसाठी उघडलं असेल, असं लोक म्हणाले. आनंदीही तसंच म्हणाली.

मग वर्षभर ती कुठल्या कार्याला गेली नाही. वर्षश्राद्ध उरकल्यावर साखरपुड्याला निघताना ती कोणाला न विचारता पुढचं दार उघडून बसली. आता ती जागा तिचीच होती. नवऱ्याच्या माघारी बाईला काय काय मिळतं? पडवीतला झोपाळा मिळाला, किल्ल्या मिळाल्या, आणि ही सीट.

शैलेशला गाडी विकायची होती. तारापूरच्या एका कंपनीत तो पाळीवर जायचा, त्याला लहान गाडी पुरे होती. पालघरचा कमलाकांत, त्याचा रोपांचा धंदा, गाडी बघायला येतो म्हणाला होता. पण रस्त्यात बंद पडणारी गाडी कोण घेईल? आधी खोट शोधायची, मग विकायची, असं शैलेशचं. आधी खोट शोधायची, मग बघू, असं आनंदीचं. तिच्या मनात विकायचं नव्हतंच. पुष्पलताच्या मुलाचं लग्न वैशाखात होतं, आणि तिथे तिला पुढच्या दारातून उतरायचं होतं.

मेकॅनिक मेहुलचं गॅरेज कुंभवलीला, कंपन्यांच्या भिंतीला लागून. तिथल्या हवेला आंबट वास, आणि मेहुलच्या तोंडाला विसावा नाही. इंजिन ऐकायची त्याची एक तऱ्हा होती. लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवायचं आणि मूठ कानाला लावून डोळे मिटायचे, मोठ्या डॉक्टरसारखे.

"एअर धरतंय, काकी," तो म्हणाला. "नळीतून हवा शिरते. आता बाटली लावू म्हणजे कळेल."

म्हणजे डिझेलची बाटली बॉनेटला उलटी टांगायची आणि तिची नळी सरळ पंपाला जोडायची. बाटलीवर गाडी नीट चालली तर खोट टाकीत किंवा नळीत. नाही चालली तर पंपात. बाटलीवर गाडी मस्त चालली. मेहुलने नळी बदलली, फिल्टर बदलला आणि शैलेशला घेऊन बोईसरपर्यंत चक्कर मारून आला. गाडीत काही उरलं नाही, असं त्याने शपथेवर सांगितलं.

मग आनंदी पुढे बसली आणि गाडी गॅरेजचं फाटकसुद्धा ओलांडेना.

पुन्हा बाटली लावली. या वेळी आनंदीला सीटवरच बसवून ठेवलं. बाटली काठोकाठ भरलेली आणि इंजिन गप्प. ती उतरली, इंजिन सुरू. ती चढली, इंजिन बंद. चहाच्या टपरीवर कंपनीतले कामगार पाळी सुटून उभे होते, त्यांना फुकटचा खेळ झाला. त्यातला एक म्हणाला, "माताजी से डरती है गाड़ी." सगळे हसले. मेहुलही हसला आणि आनंदीने बघितल्यावर हसायचा थांबला.

त्याने मग नवीन शोध लावला की वजनाने सीटखालची वायर दबते. आनंदीने त्याला काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने सीटवर वाळूच्या गोणी चढवल्या, आनंदीपेक्षा कितीतरी जड. गाडी चालली. स्वतः बसून शैलेशला चालवायला लावली. चालली. समिधाला बसवलं. ती पायावर पाय टाकून बसली, खिडकीवर कोपर ठेवलं आणि नाक्यापर्यंत जाऊन आली.

"मला काय झालं नाय, आई," ती उतरताना म्हणाली. वाईट मनाने नाही म्हणाली, पण आनंदीला ते गालावर चापटीसारखं लागलं. लग्न होऊन आली तेव्हापासून या मुलीने सासूसमोर कधी डोक्यावर पदर घेतला नव्हता. आम्ही घेत नाही, इतकंच सांगितलं होतं. आणि आता गाडीही तिचं ऐकत होती.

"मशीनचं माझ्याशीच वाकडं हाय काय?" आनंदी मेहुलला म्हणाली.

तो उत्तर देणार होता. पण आनंदी सीटवर बसलेली होती, इंजिन बंद होतं, आणि त्याने सवयीने पेचकसाचं टोक त्या बंद इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावली होती. त्याने डोळे उघडले. पेचकस काढला, शर्टाला पुसला, पुन्हा लावला. तिसऱ्यांदा त्याने लावला नाही. हत्यारं गोळा करायला लागला.

"असं कवापासून होतं, काकी?"

"मी पुढं बसायला लागले तवापासून."

"आधी पुढं कोण बसायचं?"

"कोण बसणार? कोणच नाय."

मेहुलने मान हलवली. गाडी विकून टाका, एवढंच म्हणाला, आणि शैलेशने पुन्हा एक चक्कर मारून बघ म्हटल्यावर हाताला लागलंय म्हणाला. हाताला काही लागलेलं दिसत नव्हतं.

घरी येताना आनंदी मागे बसली. पुढची डावी सीट रिकामी होती. शैलेशच्या मागे बसून तिरकं बघितलं की दिसतं ते पुढे बसून कधी दिसलं नसतं. डोकं टेकायच्या उशीवर खालच्या बाजूला तेलाचा डाग होता, चांगला जुना, मुरलेला. आनंदीचं डोकं तिथे आलं नसतं, ती उंच. शैलेशचं तर नाहीच. कोणीतरी ठेंगणी बाई, डोक्याला तेल चोपडणारी, तिथे कितीतरी दिवस डोकं टेकून बसल्याशिवाय असा डाग पडत नाही. पट्टाही आनंदीला आठवला. ती बसली तेव्हा तो तिच्या छातीवर पुरत नव्हता, कोणीतरी तो आपल्या मापाला गाठ मारून आखूड केला होता.

आणि खिडकी बंद असून वास आला. कागड्याचा.

घिवलीत कागड्याची फुलं कोणाच्या वाडीत नाहीत? पण आनंदीच्या घरात ती येत नव्हती. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात शांताराम म्हणाला होता की फुलांच्या वासाने माझं डोकं धरतं. त्या दिवसापासून तिने गजरा माळला नाही. हळदीकुंकवाला बायका गजरे द्यायच्या, ती तिथेच दुसरीच्या डोक्यात खोवून यायची. भर ज्वानीतले सगळे दिवस तिने मोकळ्या अंबाड्यावर काढले, त्याचं डोकं धरू नये म्हणून.

घरी आल्यावर तिने समिधाला हाक मारली नाही. स्वतः सीटचं, उशीचंही कव्हर उतरवलं, सोड्याच्या पाण्यात बुडवलं आणि दगडावर असं घासलं की बोटांची सालं निघाली. सीटखाली हात घातला तर सुकलेला दोरा हाताला लागला, गजऱ्याचा, गाठीगाठीचा. तिने तो चुलीत टाकला. कव्हर उन्हात वाळवून संध्याकाळी चढवलं. सकाळी डाग होता तिथेच होता, आणि बोट लावलं तर ओला होता.

आता तिला एकच गोष्ट हवी होती. कोण, ते कळायला हवं होतं. मेलेल्या नवऱ्याशी भांडता येत नाही, पण त्या बाईचं तोंड बघता येईल. गाडीत एक एक भाग बाजूला करत मेहुलने खोट शोधली तशी आनंदीने ओळखीतली एक एक बाई बाजूला केली. ही उंच, ती माहेरी गेलेली, तिसरीला गाडी लागते. उरली मुरब्याची प्रेमला. शांताराम दर आठवड्याला तिच्याकडूनच मासळी आणायचा, साफ करून, मीठ लावून. घरी सांगायचा, प्रेमलासारखी मासळी कोण देत नाय.

आनंदी शैलेशला घेऊन निघाली. नवापूर, नांदगाव करत किनाऱ्याने गाडी मुरब्याला गेली. ती मागे बसली होती, म्हणून गेली.

प्रेमला घराच्या अंगणात वलांडीच्या बांबूंवर बोंबील वाळत टाकत होती. तिला बघताच आनंदीचा सगळा राग पायांतून उतरून गेला. बाई दारात मावत नव्हती. तो आखूड पट्टा तिच्या दंडालाही पुरला नसता.

प्रेमलाने तिला खाटेवर बसवलं, शेठच्या आठवणी काढल्या, डोळे पुसले. शेठ कधी गाडीतून उतरायचे नाहीत, म्हणाली. काच खाली करून तिथूनच मासळी घ्यायचे. बोलता बोलता तिने पापलेटं काढली आणि दोन पिशव्यांत भरली.

"दोन कशाला?" आनंदीने विचारलं.

"शेठ नेहमी दोनच वाटे घ्यायचे. एक घरचा, नि एक त्यांचा."

"कोणाचा?"

प्रेमलाने आनंदीच्या खांद्यावरून पलीकडे बघितलं, जिथे रस्त्यात गाडी उभी होती आणि शैलेश खाली उतरून फोनवर बोलत होता. तिचे हात ओले होते, ते तिने लुगड्याला पुसले, पदर ओढून डोक्यावर घेतला आणि ओळखीच्या वडीलधाऱ्या बाईला वाकतात तशी गाडीकडे बघून मान लववली.

आनंदीने मागे वळून बघितलं नाही. तिने दोन्ही पिशव्या उचलल्या. घरी येईपर्यंत ती सीटच्या पाठीकडे बघत राहिली. उतरताना बघितलं तर पिशवी एकच होती. शैलेश म्हणाला, तू एकच आणली होतीस, आई.

त्या रात्री तिने ठरवलं की गाडी विकायची. रविवारी सकाळी कमलाकांत येणार होता. शैलेशला हायसं वाटलं. तू गाडीत बसू नकोस म्हणजे झालं, तो म्हणाला, विषय संपला. आनंदी त्याच्याकडे बघत राहिली. बापासारखाच बोलला होता.

पण गाडी विकायची म्हणजे त्या बाईला सीटसकट पालघरला पाठवायची. ती तिथेही पुढे बसून फिरणार, काच खाली करून वारा खाणार. आणि ज्या घरच्या जिवावर इतकी वर्षं बसली त्या घरच्या बाईचं तोंडही न बघता जाणार. हे आनंदीला सोसणारं नव्हतं. जायचं तर आनंदी पाठवेल तेव्हा जायचं, आणि आनंदीच्या पद्धतीने.

तिच्या घरातून कुठलीही बाई ओटी भरल्याशिवाय गेलेली नव्हती. भांडून आलेली असो की उसनं मागायला आलेली. खण, नारळ, तांदूळ पदरात पडले की पाहुणी समजते, आता उठायचं. तोंडाने जा म्हणावं लागत नाही. पाहुणी मग आपल्या पदरातले चिमूटभर तांदूळ घरच्या ताटात परत टाकते, घर भरलेलं राहू दे म्हणून, आणि निघते.

शनिवारी दिवेलागणीला तिने ताट केलं. समिधा दारात येऊन उभी राहिली.

"आई, ओटी तुमी कशी भरणार? मी भरते."

विधवेने भरू नये, हे ती तोंडाने म्हणाली नाही, पण म्हणालीच.

"तुझ्याकडं आलेली नाय ती," आनंदी म्हणाली. "माझ्याकडं आलेली हाय."

गाडी अंगणात आंब्याखाली उभी होती. समुद्राकडून खारा वारा येत होता आणि दूर वीजकेंद्राचे दिवे लागले होते. आनंदीने डावीकडचं दार उघडलं. वास आला. तिने सीटला हळदकुंकू लावलं, कव्हरवर खण पसरला, त्यावर नारळ ठेवला, ओंजळीने तांदूळ घातले. ताट निपटून रिकामं केलं. एक दाणा ठेवला नाही. त्या बाईला परत द्यायलाही काही उरू नये, असं तिच्या मनात होतं.

"खूप बसलीस," ती म्हणाली. "आता ऊठ."

एवढंच बोलायचं होतं. पण ओटी भरताना तिची जीभ आयुष्यभर एकाच वळणाने चालत आली होती. हात खणावरून मागे घेता घेता पुढचे शब्द आपसूक बाहेर पडले, शेकडो बायकांना म्हटलेले.

"आपलंच घर हाय. येत जा."

तिने ओठ चावला.

वारा पडला होता. सीट एकदा करकरली, कोणी उठल्यावर करकरते तशी. वास गेला.

सकाळी ओटीचं सगळं सामान शैलेशने तिच्या सांगण्यावरून समुद्रात सोडलं. कमलाकांत यायला वेळ होता. आनंदी पुढचं दार उघडून बसली आणि म्हणाली, चालव.

गाडी चालली.

किनाऱ्यापर्यंत गेली, सुरूच्या बनाला वळसा घालून, मंदिरावरून, बाजारातून. आनंदीने काच पूर्ण खाली केली होती. ओळखीची बाई दिसली की ती मुद्दाम थांबायला लावून तब्येत विचारत होती. उशीवरचा डाग कोरडा होता. पट्ट्याची गाठ तिने नखाने सोडवली आणि पट्टा छातीवरून नीट बसला. शैलेश म्हणाला, ठेवायची का मग? आनंदीला क्षणभर मोह झाला. पण जिथे दुसरी बसून उठली ती जागा तिला उष्ट्यासारखी वाटत होती. दे देऊन, ती म्हणाली. मी बसले, पुरे झालं.

कमलाकांतने चक्कर मारली, खूश झाला, गाडी घेऊन गेला. संध्याकाळी त्याचा फोन आला की पालघरपर्यंत कुठे अडखळली नाही, बायकोला पुढे बसवून आणली.

आनंदीने जेवताना चारदा भात घेतला. समिधालाही गोड बोलली.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर ती देवघरात गेली. ओटीचं ताट तिने परवा धुऊन पालथं घातलं होतं. आता ते सुलटं होतं.

मधोमध चिमूटभर तांदूळ होते. हळदकुंकू लागलेले.

"समिधा, ताटात तांदूळ तू टाकलेस?"

स्वयंपाकघरातून समिधा नाही म्हणाली.

उंदरांचं काम असेल. आनंदीने दाणे मुठीत घेतले. पडवीच्या कडेला नेऊन अंगणात फेकले आणि हात झटकले.

झोपाळा वाऱ्यावर हलत होता. शांताराम असताना तो एकटाच त्यावर बसायचा, डाव्या बाजूला जागा सोडून. वर्षभर आनंदी बरोब्बर मधोमध बसत आली होती.

ती बसली. पायाने जमिनीला रेटा दिला.

झोपाळा थांबला.

तिने पुन्हा रेटा दिला. कड्या ताणल्या गेल्या, फळी जागची हलेना. डाव्या बाजूला फळी किंचित खाली गेली होती.

कागड्याचा वास आला.

आनंदी उठली. कोणी उठवल्यासारखी नाही, स्वतःच काहीतरी आठवल्यासारखी उठली, आणि पडवीच्या पायरीवर जाऊन बसली. तोंड अंगणाकडे. गाडी उभी असायची तिथे तेलाचा काळा ठिपका होता, त्याच्याकडे बघत राहिली.

मागे कड्या हळूहळू करकरायला लागल्या. संथ, एका लयीत.

समिधा चहा घेऊन आली. एक कप तिने सासूच्या हातात दिला. ट्रेमध्ये आणखी एक कप होता. तो घेऊन ती झोपाळ्याकडे वळली.

आनंदीने मान वळवली नाही, पण दाराच्या काचेत तिला दिसत होतं. समिधाने कप फळीवर ठेवला, ओढणी खांद्यावरून उचलली, आणि डोक्यावर घेतली.